मोडीत निघालेला उजेड

माझ्या घराच्या मागच्या पडवीत आजमितीस १९ दिवे आहेत आणि त्यांपैकी एकही घरासाठी बनवलेला नाही. सगळे रस्त्यावरचे. कुणी चौकात उभा होता, कुणी गोदीच्या फाटकापाशी, कुणी रेल्वेच्या मालधक्क्यावर. चौघांनी मिळून उचलावा असा ओतीव लोखंडाचा एक खांबही परसात आहे. त्यावर सध्या कारल्याचा वेल चढला आहे. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी किंवा काडेपेट्यांवरची चित्रे जमवणाऱ्याकडे लोक कौतुकाने पाहतात. रस्त्याचे दिवे जमवणाऱ्याकडे ते आधी संशयाने पाहतात आणि मग कीव करतात. आमच्या घरात या पडवीला 'नगरपालिका' असे नाव पडले आहे. पाहुणे यायचे झाले की "नगरपालिका जरा आवरून घ्या" असा आतून हुकूम सुटतो, आणि मी मुकाट्याने दोन-चार दिवे माळ्यावर चढवतो.

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवीत असे. त्यामुळे असेल कदाचित, पण मला दिव्याच्या रूपापेक्षा तो पेटतो कसा याचीच ओढ अधिक. या छंदाची तीन अंगे आहेत : दिवा मिळवणे, तो ओळखणे आणि पुन्हा पेटवणे. पुष्कळांचा छंद पहिल्या अंगापाशीच संपतो. माझ्या मते तो तिसऱ्यापाशी सुरू होतो. असे का म्हणतो, ते सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इतके मागे की जिथे रस्त्यावर दिवाच नव्हता.

ज्याला रात्री बाहेर पडायचे त्याने आपला उजेड आपण घेऊन निघायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. श्रीमंताच्या पुढे मशालजी चाले, गरीब कंदील हलवीत जाई किंवा चांदण्यावर भिस्त ठेवी. दिवा मालकाबरोबर चाले. रस्ता काळोखातच राही. कुणाच्याही मालकीचा नसलेला, ओळखीच्या-अनोळखी कोणालाही वाट दाखवणारा दिवा ही कल्पना आपल्या शहरांत उशिरा रुजली. गावोगावच्या ग्रामपंचायतीच्या पावतीवर अजूनही 'दिवाबत्ती कर' असा शब्द छापलेला असतो. मला तो शब्द फार आवडतो. आपल्या घरात उजेड पडावा म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या पायाखाली उजेड पडावा म्हणून दिलेले हे पैसे आहेत.

सुरुवातीचे दिवे तेलाचे. त्यांचा उजेड केवढा, तर खांबाखाली उभे राहिले म्हणजे खांब दिसावा, एवढा. ईश्वरचंद्र विद्यासागर कलकत्त्यात रस्त्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास करीत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. चित्रकार ती रंगवताना अनेकदा डौलदार खांबावरचा झगझगीत दिवा काढतात. आता तारखा पाहा. विद्यासागर संस्कृत कॉलेजात शिकले १८२९ ते १८४१ या काळात. कलकत्त्याच्या रस्त्यांवर वायूचे दिवे आले १८५७ साली. म्हणजे गोष्ट खरी धरली तर तो दिवा तेलाचाच असला पाहिजे. त्या मिणमिणत्या ज्योतीखाली संस्कृत व्याकरणाचे बारीक अक्षर वाचणे म्हणजे काय, हे ज्याने तसा दिवा एकदा पेटवून पाहिला त्यालाच कळेल. दिव्याचा इतिहास नीट ठाऊक असला की माणसाची थोरवी कमी होत नाही; उलट वाढते.

मुंबईत वायूचा दिवा प्रथम पाहायला मिळाला तो सरकारकडून नव्हे, एका हौशी पारशी गृहस्थाकडून. जहाजबांधणीत नाव कमावलेल्या वाडिया घराण्यातल्या आर्देशीर कर्सेटजी यांनी १८३४ साली माझगावचा आपला बंगला आणि बाग दगडी कोळशाच्या वायूने उजळली. पुढे १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सभासद झाले. आपल्या घरी नवा दिवा पेटवून पाहण्याची हौस एवढी जुनी आणि एवढी प्रतिष्ठित आहे, हे मी घरात अधूनमधून ऐकवीत असतो. त्याचा फारसा उपयोग होत नाही, ही गोष्ट वेगळी.

शहराच्या रस्त्यांना मात्र त्यानंतर तीस वर्षे वाट पाहावी लागली. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली छापले गेले, तेव्हाही मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे यायला दोन वर्षे होती. ते आले १८६५ च्या ऑक्टोबरात : भेंडीबाजार, एस्प्लनेड रोड आणि चर्चगेट स्ट्रीट येथे. दिवे लावणारा एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे निघाला की बघ्यांची गर्दी त्याच्या मागोमाग चाले, असे वर्णन आहे. मला ही मिरवणूक डोळ्यांसमोर दिसते. पालखी नाही, वाजंत्री नाही. पुढे एक नोकरमाणूस आणि मागे सगळे शहर!

हा वायू कसा होई, तेही सांगतो. दगडी कोळसा बंद भांड्यात भाजायचा. हवा नसल्यामुळे तो जळत नाही. त्यातून जळाऊ वायू सुटतो, डांबर निथळते आणि मागे कोक उरतो. वायू पाण्यातून धुऊन मोठ्या टाकीत साठवायचा आणि जमिनीखालच्या नळांतून शहरभर खेळवायचा. लालबागेत 'गॅस कंपनी लेन' हे नाव त्याच कारभाराने मागे ठेवले. आज चिवड्याच्या वासाने ओळखल्या जाणाऱ्या त्या भागात एके काळी शहराची रात्र शिजत होती.

पहिल्या वायुदीपांची ज्योत उघडी असे, माशाच्या शेपटीसारखी पसरट आणि पिवळी. तिला खरे तेज आणले ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने, १८८५ मध्ये पेटंट घेतलेल्या मँटलने. लग्नसराईत डोक्यावर गॅसबत्त्या घेऊन चालणारी माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना ही सुती जाळीची पिशवी चांगली ठाऊक आहे. द्रावणात बुडवून वाळवलेले हे कापड प्रथम पेटवले की सूत जळून जाते आणि उरतो तो राखेचा सांगाडा. पुढे हा सांगाडाच ज्योतीत तापून पांढराशुभ्र प्रकाशतो. बोट लागले की संपले! सुधारलेल्या मँटलमध्ये जवळजवळ ९९ टक्के थोरियमचा आणि एक टक्का सेरियमचा ऑक्साइड असे. हे थोरियम पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून मोठ्या प्रमाणावर येऊ लागले ते त्रावणकोरच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतून. युरोपातल्या रस्त्यांवर जो पांढरा उजेड पडे, त्यात आपल्या मलबारच्या किनाऱ्याचाही वाटा होता.

मग वीज आली. पण इतिहास जिन्याच्या पायऱ्यांसारखा नेमाने वर चढत नाही. मुंबईत विजेचा दिवा प्रथम लागला १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात. बाजार आणि काही रस्ते उजळण्याचे काम ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने घेतले होते. थोड्याच काळात कंपनीचे दिवाळे निघाले आणि मार्केटात पुन्हा वायूचे दिवे लागले. पाच-पंचवीस वर्षांपूर्वी ज्याला लोक चमत्कार म्हणून पाहायला धावले होते, तोच आता जुनाट परंतु भरवशाचा म्हणून परत बोलावला गेला. वीज कायमची नांदू लागली ती विसाव्या शतकात. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ साली स्थापन झाली. त्याच वर्षी वाडीबंदरला तिचे वीजघर सुरू झाले. त्याच वर्षी, ५ ऑगस्टला, बंगलोरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. कावेरीवरच्या शिवनसमुद्र येथील वीज आधी १९०२ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणींना गेली होती आणि नंतर शहराच्या वाट्याला आली. सोने आधी, वाटसरू मागाहून. जगाचा क्रम असाच असतो.

जुन्या आणि नव्याची अशी सरमिसळ अजूनही संपलेली नाही. बर्लिनमध्ये आजही हजारो वायुदीप रस्त्यावर आहेत, आणि टियरगार्टन बागेत १९७८ पासून निरनिराळ्या शहरांच्या जुन्या वायुदीपांचे उघडे संग्रहालय आहे. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टरने २०२१ साली आपल्या जुन्या वायुदीपांच्या जागी विजेचे दिवे बसवायचे ठरवले, तेव्हा नागरिकांनी आवाज उठवला आणि त्यांतले पुष्कळ दिवे वाचले. ब्रिटनमध्ये तर मोडीत निघालेले रस्त्याचे दिवे, खांब आणि ते लावण्या-विझवण्याची घड्याळे जमवून घराच्या बागेत उभी करणारे छांदिष्ट पुष्कळ आहेत. हे कळले तेव्हा जगात आपण एकटेच नाही, असा मला दिलासा मिळाला.

आता माझ्या पडवीकडे येतो. दिवे मिळतात कुठे? पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात, पण मुख्यतः भंगारवाल्यांच्या वखारींत. सरकारी खात्यांचे मोडीत काढलेले सामान लिलावात जाते आणि तिथून वखारीत येते. वखारीत दिव्याला नाव नसते, वजन असते. ॲल्युमिनियमच्या झाकणाचा भाव वेगळा, बिडाचा वेगळा, तांब्याचा सर्वांत चढा. माझा एक कडक नियम आहे : पावतीशिवाय दिवा घ्यायचा नाही आणि उभ्या खांबावरचा तर स्वस्तात मिळाला तरी घ्यायचा नाही. दुसऱ्याच्या वाटेवरचा दिवा काढून आपल्या पडवीत लावणे याला छंद म्हणत नाहीत.

दिवा घरी आला की पहिले काम पुसण्याचे नव्हे, पाहण्याचे. आतल्या धातूच्या पट्टीवर कारखान्याचे नाव, वॉट, व्होल्ट असे काही कोरलेले असते. घाईने पॉलिश पेपर मारला की ते अक्षर गेलेच. गंजलेल्या स्क्रूंना घासलेट आणि तेल पाजून दोन-तीन दिवस तसेच ठेवतो. बळ लावले की डोके तुटते. जुन्या बल्बांच्या दिव्यांना पांढऱ्या-हिरव्या इनॅमलची शेड असते. तिचे टवके उडाले असले तरी मी ती रंगवीत नाही. पावसाळे खाल्लेला दिवा पावसाळे खाल्लेलाच दिसावा. आतली वायर मात्र सर्व बदलतो. सुती वेष्टणाच्या जुन्या तारेतले रबर बोटात धरले की भुगा होते. त्यातून वीज खेळवणे म्हणजे मरणाला बोलावणे. चिनी मातीचा होल्डर ठेवायचा, तांब्याची नवी तार ओढायची आणि लोखंडी अंगाला अर्थिंग जोडल्याखेरीज पुढे जायचे नाही. हा क्रम मी सोडीत नाही.

बल्बच्या दिव्यात तारजोडणी सोपी. दोन तारा आणि एक अर्थ. खरी मौज पुढच्या पिढीच्या दिव्यांत आहे. १९३२ साली दोन नवे उजेड जवळजवळ एकाच वेळी रस्त्यावर आले. हॉलंडमध्ये बेक ते गेलेन या रस्त्यावर फिलिप्सचे सोडियमचे पिवळे दिवे लागले, आणि इंग्लंडमध्ये वेम्ब्लीला पाऱ्याच्या वाफेचे निळसर दिवे. या दिव्यांत तापून पांढरी होणारी तार नाही. वीज वाफेतूनच वाहते आणि वाफच प्रकाशते. पण वाफेचा स्वभाव उधळ्या मुलासारखा आहे. वीज जो जो वाहू लागते तो तो तिची वाट अधिक मोकळी होते, म्हणून आणखी वीज वाहते, आणि आवरले नाही तर क्षणात दिवा फुटतो. हे आवरण्याचे काम चोक करतो : लोखंडी पत्र्यांच्या थप्पीवर गुंडाळलेली तांब्याची तार, दिसायला ओबडधोबड, वजनाला विटेसारखी. खांबाला कान लावला तर जी गुणगुण ऐकू येई ती याच चोकची.

पाऱ्याच्या दिव्याची एक खोड अनेकांना आठवत असेल. वीज क्षणभर जाऊन आली की घरातले दिवे लगेच लागत, पण रस्ता पाच-सात मिनिटे अंधारात राही. आपण म्हणायचो, वायरमन झोपला. वायरमनचा त्यात काही दोष नसे. तापलेल्या पाऱ्याची वाफ इतकी दाटलेली असते की तिच्यातून ठिणगी जात नाही; दिवा थोडा निवावा लागतो, मगच पेटतो.

सोडियमची कथा आणखी रम्य आहे. तापलेले सोडियम साध्या काचेलाच नव्हे, स्फटिकाच्या काचेलाही खाऊन टाकते. त्यामुळे सोडियमची वाफ मोठ्या दाबाखाली कोंडायची कशात, हा प्रश्न वर्षानुवर्षे सुटेना. अमेरिकेत रॉबर्ट कोबल यांनी १९५० च्या दशकात अ‍ॅल्युमिनाची उजेड आरपार सोडणारी नळी तयार केली. माणिक आणि नीलम ज्या द्रव्याचे, त्याच द्रव्याची ही बोटाएवढी नळी. तिच्यापासून बनलेला दिवा १९६५ मध्ये बाजारात आला आणि पुढे जगभरचे हमरस्ते सोनेरी झाले. आपल्या लहानपणीच्या किंवा तरुणपणीच्या रात्रींचा जो पिवळा रंग आपल्याला आठवतो, तो या नळीचा. रंग पाहायचा असेल तर स्वयंपाकघरात भाताचे मिठाचे पाणी उतू जाऊन शेगडीवर पडते तेव्हा ज्योतीकडे पाहा. मीठ म्हणजे सोडियमच. ज्योत त्याच पिवळ्या रंगाने भडकते.

या दिव्याच्या जोडणीत चोकबरोबर इग्नायटर लागतो. तो पेटवताना काही हजार व्होल्टचे झटके देतो. म्हणून तो दिव्यापासून फार लांब ठेवायचा नाही आणि चालू असताना होल्डरच्या आसपास बोट न्यायचे नाही. ज्या वॉटचा दिवा त्याच वॉटचा चोक, हा दुसरा नियम. पहिल्या खेपेस वीज थेट न देता सिरीज बोर्डावरून द्यायची, म्हणजे आत कुठे शॉर्ट असेल तर बोर्डावरचा बल्बच ते सांगतो. कंडेन्सरमध्ये वीज बंद झाल्यावरही भार राहतो, तो आधी उतरवायचा. जुना तेल भरलेला कंडेन्सर उघडायचा नाही, त्यातली काही तेले विषारी असतात. पाऱ्याच्या दिव्याची बाहेरची काच फुटली असेल तर तो आतून पेटत असला तरी पेटवायचा नाही, कारण अडवणारी काच गेली की अतिनील किरण डोळे आणि कातडी भाजतात. तरुण वाचकांपैकी कुणाला हा नाद लागलाच, तर जाणत्या वायरमनला शेजारी बसवल्याशिवाय हात घालू नये, ही विनंती.

दिवाळीच्या सुटीत आळीतली मुले पडवीत गोळा होतात. मी तीन ताटल्यांत लाल, हिरवी आणि निळी रांगोळी ठेवतो. पाऱ्याच्या दिव्याखाली लाल रांगोळी मातकट तपकिरी दिसते, निळी-हिरवी खुलते. सोडियमखाली निळी जवळजवळ काळी होते. "आजोबा, रांगोळी बदलली का?" असे एखादे पोर विचारतेच. रांगोळी तीच आहे, उजेड बदलला, असे मी सांगतो. एवढे सांगण्यासाठी शाळेत मला दोन तास लागत.

आणि इथेच मला जे म्हणायचे आहे त्याला हात घालतो.

५ जानेवारी २०१५ रोजी देशात रस्त्यांवर एलईडी दिवे बसवण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली आणि तिच्याखाली एक कोटीहून अधिक दिवे बदलले गेले. पाऱ्याच्या दिव्यांबाबत तर मिनामाता करारानेच जगभर पडदा टाकला; पारा हे विष आहे आणि ते जावे हेच योग्य. एलईडी कमी विजेत तेवढाच किंवा जास्त उजेड देतो, तो जिथे हवा तिथेच पाडतो आणि त्याखाली रंग नीट दिसतात. रात्री एकट्याने घरी परतणाऱ्या मुलीला समोरच्याचा चेहरा ओळखू येतो, हे माझ्या सगळ्या सोनेरी आठवणींहून मोलाचे आहे. तेव्हा जुने दिवे रस्त्यावर परत आणा, असे मी म्हणत नाही.

माझी तक्रार निराळी आहे. त्या कोटीभर दिव्यांबरोबर कोटीभर चोक, इग्नायटर आणि कंडेन्सर उतरले आणि तांब्याच्या भावाने वितळले. जे थोडे वाचले, ते सुंदर होते म्हणून वाचले. नक्षीदार खांब वाचतो, घाटदार काच वाचते. ती उपाहारगृहाच्या दारात जाते, आतले सगळे काढून टाकले जाते आणि तिथे पिवळट रंगाचा नवा बल्ब बसतो. घराचा दर्शनी दरवाजा जपावा आणि घर पाडावे, तसे हे झाले. दिव्याचे हाड आपण ठेवतो. दिव्याचा उजेड टाकून देतो. आणि उजेड हीच तर ती वस्तू होती!

ही माझी एकट्याची लहर नाही. २०१५ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी लागले. खांब तेच, समुद्राची कमान तीच, दिव्यांची ओळ तीच. तरी 'राणीचा हार' हरवला अशी हळहळ शहरभर उमटली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. पुढे तिथे पिवळसर छटेचे दिवे परत आले. लोकांना खांब आठवत नव्हते, उजेड आठवत होता. पण तो आठवून त्याच्या जवळपासचा रंग लावणे निराळे आणि सोडियमची वाफ पेटवणे निराळे. पडवीत दोन्ही शेजारी-शेजारी लावले की लहान मूलही फरक सांगते. छायाचित्रात हा उजेड पकडता येत नाही. कॅमेरा त्याचा पिवळेपणा आपल्या शहाणपणाने पुसून टाकतो. पुस्तकात सांगता येत नाही. 'पिवळा' म्हणण्यापलीकडे भाषा जात नाही. तो पाहायचा तर त्याच नळीत, त्याच चोकवर, पेटवूनच पाहावा लागतो.

पण पेटवला की तो झिजतो. ही या छंदातली खरी पेचाची गोष्ट. नाणे पाहिल्याने झिजत नाही. दिवा पाहणे म्हणजे दिवा खर्च करणे. सोडियमच्या चांगल्या दिव्याचे आयुष्य २४,००० तासांच्या आसपास धरतात, पण प्रत्येक वेळी पेटवताना त्याला विशेष इजा होते. म्हणून पुन्हा पुन्हा थोडा वेळ लावण्यापेक्षा मी वर्षातून मोजक्या संध्याकाळी, पण चांगला दोन-तीन तास लावतो. कुणी म्हणते, एवढा दुर्मिळ आहे तर अंधारात जपून ठेवा. मला ते पटत नाही. न पेटणारा दिवा जपणे म्हणजे वीणा भिंतीला टांगून संगीत जपले म्हणण्यासारखे आहे. संपेल तेव्हा संपेल. तोवर ज्यांनी पाहिला त्यांची संख्या वाढलेली असेल.

आणि प्रत्येक दिव्यामागे मी एक वही ठेवतो. तो कुठल्या रस्त्यावर होता, खांब किती उंच, कधी उतरवला, कुणी देखभाल केली, जेवढे कळेल तेवढे. वखारवाल्यांना विचारून, जुन्या वायरमनांकडे चहा पिऊन हे गोळा करतो. गाव नसलेला दिवा म्हणजे आडनाव हरवलेला माणूस.

या वह्यांत एका निवृत्त वायरमनकडून मिळालेली माहिती सांगून पुरे करतो. जुन्या वायुदीपांच्या खांबाला कंदिलाच्या खाली एक आडवी दांडी असते. आज बागांतून आणि नदीकाठच्या फरसबंद वाटांवरून 'जुन्या धर्तीचे' म्हणून जे नवे खांब बसवतात, त्यांवरही ती दांडी हटकून असते. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. ती नक्षी नव्हे. दिवा लावणारा आणि पुसणारा माणूस संध्याकाळी यायचा, त्याची शिडी टेकायला ती केलेली होती. दांडी आपण हुबेहूब उतरवली. शिडी आणि तिच्यावर चढणारा माणूस कुणाच्या ध्यानात राहिला नाही. आपल्या गावात जुने दिवे उतरत असतील, तर त्यांतला एक तरी, चोक आणि इग्नायटरसकट, शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा वाचनालयाच्या कोपऱ्यात मागून घ्या. एखाद्या जाणत्या वायरमनकडून तो जोडून घ्या. आणि त्या वायरमनला मुलांसमोर दोन शब्द बोलायला सांगा. त्याला जे ठाऊक आहे ते कुठल्याही पट्टीवर कोरलेले नाही.